किती ल्युमेनचा आहे?

गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या साखरपुड्याला सगळे जमलो होतो. जेवणं झाली, पानं खाऊन झाली आणि अशा वेळी आमच्याकडे जे होतं तेच झालं. कुणीतरी माझ्या 'उद्योगां'चा विषय काढला. धाकट्या आतेभावाने विचारलं, "दादा, तुझा तो डोक्यावरचा दिवा किती ल्युमेनचा आहे रे?" मी जरा ऐटीतच सांगितलं, "सतराशे." त्याने खिशातून फोन काढला, थोडा वेळ बोट फिरवलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. एक लाख ल्युमेन, किंमत ६९९ रुपये, घरपोच. काका म्हणाले, "म्हणजे तू महिनाभराचे शनिवार-रविवार आणि साडेचार हजार रुपये घालवून साठपट कमी उजेड तयार केलास!" सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं तापलं होतं. आतेभावावर नाही, त्या प्रश्नावर. गेली काही वर्षं ट्रेकचे मित्र, ऑफिसातले सहकारी, दुकानदार, सगळे मला हा एकच प्रश्न विचारतात. किती ल्युमेन? आणि लाज वाटते सांगायला, पण पूर्वी मीही तोच विचारत होतो. म्हणून हे लिहितोय. शिवाय एक जुनी बाकी आहे, तीही यात चुकती करायची आहे.

आधी थोडा खुलासा, कारण मी 'गुहेत जातो' म्हटलं की आत्याला अजंठा-वेरूळ आठवतं. आत्या, ती लेणी. माणसांनी छिन्नीने कोरलेली. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, आणि बेसॉल्ट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे आपल्याकडे लांबलचक नैसर्गिक गुहा फारशा नाहीत. चुनखडीचं तसं नाही. पावसाचं किंचित आम्ल झालेलं पाणी चुनखडीला लाखो वर्षं खात राहतं आणि डोंगराच्या पोटात नद्या, दालनं, विहिरी तयार होतात. भारतात हे पाहायचं तर मेघालयात जावं. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतिया हिल्समधली क्रेम लियात प्राह ही एकटीच तीस किलोमीटरहून लांब आहे. १९९२पासून तिथे देशी-परदेशी मंडळींच्या मोहिमा होताहेत आणि आतापर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त भुयारं मोजून नकाशावर आली आहेत.

तिथला अंधार आपल्या ओळखीचा नसतो. अमावास्येला हरिश्चंद्रगडावर झोपलात तरी चांदण्यांचा उजेड असतो, दूर कुठेतरी गावातला दिवा असतो. डोळे वीस-तीस मिनिटांत सरावतात आणि पायाखालची वाट अंदाजाने तरी कळते. गुहेत दिवा गेला की डोळ्यांनी कितीही वेळ घेतला तरी काही दिसत नाही, कारण दिसायला काही उजेडच नसतो. म्हणून प्रत्येकाने एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन दिवे न्यावेत असा गुहावाल्यांचा जुना नियम आहे. हा नियम मला तोंडपाठ होता. पुढे काय झालं ते सांगतोच.

आता ते एक लाख ल्युमेन. जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब साधारण सातशे-आठशे ल्युमेन देतो. लग्नाच्या मांडवात लावतात तो पाचशे वॅटचा हॅलोजन साडेनऊ हजारांच्या आसपास. म्हणजे या भावाच्या कपाळावर दहा-अकरा हॅलोजन पेटणार! बरं, हा एलईडी आहे, कमी वीज खातो, मान्य. आज बाजारात मिळणारा चांगला पांढरा एलईडी जोरात चालवला तर एका वॅटला शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. प्रयोगशाळेत तीनशेपर्यंत मजल गेली आहे. उदार होऊन तीनशे धरू. तरी लाख ल्युमेनला तीनशे-साडेतीनशे वॅट लागतील. आणि त्या दिव्यात सेल किती? एक. चांगल्या १८६५० सेलमध्ये (करंगळीहून जाड, अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी, म्हणून हे नाव) जेमतेम बारा-साडेबारा वॅट-तास वीज मावते. तीनशे वॅटने काढली तर अडीच मिनिटांत खलास. अर्थात तोवर कपाळ आणि टोपी शिल्लक राहिली तर.

सेलवर '९९०० एमएएच' छापलेलं असतं तोही असाच प्रकार. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजार, फार तर चार हजार मावतात. खात्री करायला प्रयोगशाळा नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. अस्सल सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. मी कुतूहलापोटी एक '९९००'वाला आणला होता. एकतीस ग्रॅम! ओझं तरी कमी होतं म्हणायचं.

पण खोटं बोलणाऱ्यांवर रागावण्यात फारसा अर्थ नाही. मला जास्त राग खरं बोलणाऱ्यांचा आहे. नामांकित दिव्यांची खोकी बघा. त्यांचे आकडे एका अमेरिकन मानकाप्रमाणे असतात, २००९ साली आलेल्या. त्या मानकात ल्युमेन मोजतात ते दिवा लावल्यावर पहिल्या अर्ध्या ते दोन मिनिटांत. आणि 'किती तास चालतो' हे मोजतात ते उजेड सुरुवातीच्या एकदशांशावर येईपर्यंत. म्हणजे हजार ल्युमेनचा दिवा पाचव्या मिनिटाला तापून निम्म्यावर आला आणि पुढे कुथत कुथत शंभरावर पोचला, तरी तो सगळा वेळ खोक्यावर जमेला. वर मोठ्या अक्षरांत ल्युमेन लिहायचे ते एका मोडचे आणि तास लिहायचे ते भलत्याच मोडचे. यात खोटं काहीच नाही. आपण विचारतो किती ल्युमेन, ते सांगतात इतके ल्युमेन. विचारणारेच आपण असे!

दिवा स्वतः बनवला की ही फसवणूक चालत नाही, कारण फसवायला दुसरं कुणी नसतं. मी २०१८च्या पावसाळ्यात कामाला लागलो. तपकीर गल्लीत चकरा मारून थोडं सामान जमवलं, एलईडी आणि ड्रायव्हर बाहेरून मागवले. तीन एलईडी एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकातून दोन अँपिअर. तिघांवर मिळून नऊ व्होल्टच्या वर पडतात, म्हणजे सुमारे एकोणीस वॅट. काचेत, भिंगात जातं ते वजा करून हाती सतराशे ल्युमेन. हेल्मेटच्या मागे चार सेलचं पुडकं, पुढे दिवा, मधून केबल. वजन पुढेमागे विभागलं नाही तर तीन तासांत मान धरते.

लोकांना वाटतं की अवघड काम सर्किटचं. सर्किट सोपं आहे हो. अवघड आहे उष्णता. त्या एकोणीस वॅटमधले निम्म्याहून जास्त उजेड न होता नुसते तापतात, आणि एलईडीच्या त्या चिमुकल्या चकतीतून ती उष्णता बाहेर काढली नाही तर आधी उजेड उतरतो, मग रंग बिघडतो, मग एलईडीच जातो. म्हणून तांब्याच्या गाभ्याची पट्टी, तिच्यामागे थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर (जाड लावला तर उलट अडतं, हे मी एक एलईडी जाळून शिकलो), आणि मग ॲल्युमिनियमचं भरीव घर. ते भोसरीतल्या एका टर्नरकडून लेथवर करून घेतलं. मागच्या बाजूला पंखे काढायला सांगितले तर म्हणाला, "साहेब, शोभेला?" समजावून सांगितल्यावर त्याने स्वतःच्या मनाने ते दोन मिलिमीटर खोल केले. काचेखाली ओ-रिंग, केबल शिरते तिथे ग्लँड. सेलना सोल्डर करायचं नाही, उष्णतेने आतून बिघडतात. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावायची. बाकी सगळे सांधे मी सोल्डर केले. आजोबा त्याला 'डाख लावणं' म्हणायचे, आणि त्यांचा रेडिओ दुरुस्तीचा चिमटा अजून माझ्याकडे आहे. असो.

पहिल्या रात्री गच्चीवर लावला तेव्हा समोरच्या सोसायटीचा वॉचमन शिट्टी वाजवत धावत आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन मजली उंच छतावरचा प्रत्येक लवणस्तंभ दिसेल, कुणाला दिसली नसेल अशी पुढची वाट दिसेल! आणि हे वेड नुसतंच वेड नव्हतं, हेही सांगतो. गुहेच्या भिंती ओल्या, चिखलाने काळवंडलेल्या असतात, उजेड पिऊन टाकतात. अंतर दुप्पट झालं तर तेवढंच दिसायला चौपट उजेड लागतो. मोठ्या दालनाची पलीकडची बाजू, उभ्या विहिरीचा तळ, पाण्याच्या पल्याडचा किनारा, इथे खरंच भरपूर उजेड हवा, आणि तो नसला तर माणसं वाट चुकतात. जोरदार दिव्याला माझा विरोध नाही. माझ्याकडे आहे, आणि मी देणार नाही.

२०१९च्या फेब्रुवारीत तो घेऊन गेलो. आम्ही चौघं आणि गावातला वाटाड्या, मिळून पाच. गुहेचं नाव सांगत नाही. आत शिरल्यावर पाचच मिनिटांत माझ्या दिव्याचं कौतुक सुरू झालं, आणि कौतुकाला मी कसा भुलतो ते घरच्यांना ठाऊक आहे. खरं तर चालायला दीडशे ल्युमेन पुष्कळ झाले. तेवढ्यावर माझं पुडकं तीस तासांहून जास्त चालतं आणि सतराशेवर सव्वादोन तास, हे गणित मीच वहीत मांडलेलं होतं. तरी जाताना जवळजवळ सारा वेळ दिवा पुरा ठेवला. आणि त्याहून वाईट म्हणजे, बाकीच्यांनी आपापले दिवे एकेक करून बंद केले. माझा मित्र म्हणाला, "तुझ्या सूर्यापुढे माझी पणती कशाला जाळू?" मला ते ऐकून बरं वाटलं.

तिथेच सगळं बिघडलं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नाही. आत शिरताना आमच्याकडे पंधरा दिवे होते. तासाभरात दोनच उरले, माझा आणि पुढे चालणाऱ्या वाटाड्याचा.

परतीच्या वाटेवर, खाली पाणी आणि कडेने घसरडे धोंडे, अशा जागी माझा दिवा गेला. मंद होत होत नाही, बटण दाबल्यासारखा. कारण साधं होतं. ड्रायव्हर चांगला होता, म्हणजे सेल उतरत गेले तरी तो उजेड शेवटपर्यंत एकसारखा ठेवत होता. आणि सेल अती उतरून खराब होऊ नयेत म्हणून बसवलेल्या संरक्षक सर्किटने, ठरलेल्या व्होल्टेजला, वीज तोडली. दोघांनीही आपापलं काम चोख केलं. उजेड जाण्याआधी सूचना देण्याचं काम मी कुणाला दिलंच नव्हतं. बनवताना विचार आला होता, पण 'त्यात ल्युमेन वाढत नाहीत' म्हणून सोडून दिला.

मित्राचा पाय त्या क्षणी हवेत होता. तो साधारण दोन मीटर खाली धोंड्यांवर गेला. वाटाड्याचा दिवा वळणापलीकडे होता, तो मागे वळून आला तरी मला काही दिसेना. सतराशे ल्युमेनला सरावलेल्या डोळ्यांना त्याचा दिवा काजव्यासारखा वाटत होता. माझा दुसरा दिवा सॅकच्या तळाशी, डब्याखाली. तो हाताला लागेपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मित्राचं उजवं मनगट मोडलं होतं. बाहेर पडायला चार तास लागले आणि त्यांपैकी निम्मा वेळ तो विनोद करत होता.

पुण्याला आल्यावर आम्ही सगळ्यांना सांगितलं की पाय घसरला. त्यानेच तसं सांगू या म्हटलं. वहिनी, तुम्ही हा ब्लॉग वाचता हे मला ठाऊक आहे. पाय घसरला नव्हता. त्याला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं ते माझ्यामुळे. तेव्हा तुम्ही मला डब्यात घालून चकल्या दिल्या होत्या. त्या मी खाल्ल्या.

तेव्हापासून 'किती ल्युमेन' म्हटलं की माझं डोकं फिरतं. एक तर डोळ्यांचा हिशेब आकड्यांसारखा नाही. उजेड चौपट केला तरी तो डोळ्याला दुपटीहून जास्त वाटत नाही. म्हणजे तीनशेचे बाराशे करताना आपण चौपट वीज आणि चौपट उष्णता मोजतो आणि हातात काय पडतं? थोडंसं बरं. दुसरं, डोक्यावरचा दिवा डोळ्यांबरोबर फिरतो, त्यामुळे ज्याच्याकडे पाहून बोलाल त्यालाच आंधळं कराल. दोरीवरून खाली येणाऱ्याला "नीट ये रे" म्हणत मान वर केली की झालं त्याचं कल्याण! आणि गुहेतल्या दमट हवेत, आपल्याच श्वासाच्या धुक्यात, झगझगीत पांढरा झोत तुमच्याच डोळ्यांवर उलटतो. घाटात धुक्यात अप्पर लावून बघा म्हणजे कळेल.

शिवाय आपण तिथे एकटे नसतो. आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. गोवा आणि बेळगावच्या सीमेवर भीमगडच्या जंगलात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथल्या एका वटवाघळाची शास्त्रीय नोंद १९१३ साली झाली आणि नंतर कितीतरी वर्षं ते जगात फक्त तिथेच सापडतं असा समज होता. पुढे मेघालयातही सापडलं. अशा जीवांच्या झोपायच्या खोलीत जाऊन मांडवाचा हॅलोजन पेटवायचा आणि फोटो काढायचा, ही कुठली मर्दुमकी? वळवाच्या सुमारास भंडारदऱ्याला काजवे बघायला येणारे हेडलॅम्प लावून काजवे शोधतात, त्यांच्याबद्दल तर मी बोलायचंच सोडलंय.

यावर काही जुनी मंडळी लगेच मान डोलावतील आणि कार्बाइडच्या दिव्याच्या आठवणी काढतील. थांबा, तुमच्याही बाजूने मी नाही. आंबे पिकवायला जे वापरू नये म्हणून आपण ओरडतो तेच हे कार्बाइड. त्यावर थेंब थेंब पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, तो पेटवायचा. जगभरच्या गुहांमध्ये कित्येक दशकं याच्यावर काम चाललं. कपाळाशी उघडी ज्योत, शेजारी दोरी, आणि शेवटी उरलेला पांढरा चुना गुहेतच कोपऱ्यात फेकलेला. त्याच्या नावाने गहिवरायचं काही कारण नाही. पण एक गुण त्याच्यात होता. तो मरताना सांगून मरायचा. ज्योत लहान व्हायची, पिवळी पडायची, फुरफुरायची. माणसाला कळायचं की थांबून डबा भरायची वेळ झाली. माझ्या दिव्यात सगळं होतं, एवढंच नव्हतं.

दुसरा दिवा २०२०च्या टाळेबंदीत केला. घर तेच, एलईडी तेच. ड्रायव्हरवर शेंगदाण्याएवढा मायक्रोकंट्रोलर बसवला. तो पुडक्याचं व्होल्टेज सारखं बघत असतो. सेलमागे ३.३ व्होल्ट झाले की दिवा तीनदा मिचकावतो आणि आपोआप दीडशेवर येतो. मी कितीही बटण दाबलं तरी मग पुढे जात नाही. दीडशेवर आणखी दोन-तीन तास मिळतात, तेवढ्यात मुकाट्याने बाहेर पडायचं. पुरा उजेड हवा असेल तर बटण दाबून धरावं लागतं. तीस सेकंदांत तो स्वतःहून खाली येतो. बघायचं, बघून झालं, पुरे. हेल्मेटला बाजूला एक छोटा दिवा, त्याचा सेल वेगळा, वायर वेगळी, बटण वेगळं, आणि ते हातमोजा घालून अंधारात सापडतं का हे मी डोळे बांधून बाथरूममध्ये शंभरदा करून बघितलंय. (बायकोने एकदा दार वाजवून "आत नक्की काय चाललंय?" असं विचारलं होतं.) आणि माझ्याबरोबर येणाऱ्याने आपला दिवा बंद केला की मी जागचा हलत नाही. लोक वैतागतात. वैतागू देत.

यातल्या एकाही गोष्टीने ल्युमेन वाढले नाहीत. उलट नव्या काचेमुळे चाळीस-पन्नास कमीच झाले असतील.

परवा आतेभावाचा फोन आला. त्याने तो लाखवाला मागवलाय, शनिवारी रात्री हरिश्चंद्रगड चढणार आहेत, ऑफिसचे आठ जण. मी त्याला म्हटलं, पूर्ण चार्ज कर, संध्याकाळी सातला गच्चीवर लावून ठेव आणि किती वाजता विझतो ते मला कळव. पावणेनऊला मेसेज आला, "दादा, तुझा जुना देतोस का?" मी देणार आहे. दोन देणार आहे. आणि बाकीच्या सात जणांकडे काय काय आहे, त्याची यादी मागवली आहे.